साधं का पावर?

पंपावर गाडी लावून झाकण उघडलं की पोट्ट्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “साधं टाकू का पावर, भाऊ?” पंप कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडं महागाच्या पेट्रोलला सरसकट ‘पावर’च म्हणतात. खरं तर पॉवर हे एचपीच्या पेट्रोलचं नाव. भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’ आणि इंडियन ऑइलचं ‘एक्सपी९५’. पहिली दोन नावं तर अशी की नुसती ऐकूनच ॲक्सिलरेटर पिळावासा वाटतो. मग नवी कोरी गाडी असलेला माणूस छाती काढून “पावर” म्हणतो, जुनी स्प्लेंडरवाला मान खाली घालून “साधं” म्हणतो, आणि तिसरा एक हिशेबी गडी महिन्यातून एकदाच पावर टाकतो. इंजिन साफ होतं म्हणे. पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारावी तसा हा प्रकार. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस गोडधोड.

भावना चांगली आहे. पण इंजिनाला भावना कळत नाही, त्याला दाब, तापमान आणि ठिणगीची वेळ एवढंच कळतं. तिथूनच सुरुवात करू.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टन वर येताना दाबलं जातं. दाबलं की तापतं. पिस्टन माथ्यावर पोचायच्या किंचित आधी प्लग ठिणगी टाकतो, आणि ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरत जाते. शेतात पऱ्हाट्यांचा ढीग एका टोकाला पेटवला की आग सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जाते, तसंच अगदी. आता समजा ती आग पोचायच्या आधीच, नुसत्या धगीनं, पलीकडचा कोपरा आपणहून भडकला तर? इंजिनात तसं झालं की त्या अचानक भडक्यानं उठलेल्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात तुरीचे दाणे टाकून डबा हलवावा, तसा बारीक खळखळाट. मिस्त्री त्याला ‘नॉकिंग’ म्हणतो. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर, गाडी भरलेली असताना ॲक्सिलरेटर दाबला की हा आवाज हमखास ऐकू येतो. कधीमधी झाला तर बिघडत नाही. रोजचाच झाला तर पिस्टनचा माथा, रिंगा आणि हेड गॅस्केट यांचं आयुष्य खातो.

ऑक्टेन हा पेट्रोलच्या संयमाचा आकडा आहे. दाब आणि धग सोसूनही ठिणगीची वाट पाहत थांबायची किती तयारी आहे, एवढंच तो सांगतो. मोजतातही तसंच. एका सिलिंडरच्या खास चाचणी-इंजिनात दाबाचं प्रमाण (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) वाढवत नेतात आणि नॉकिंग कधी सुरू होतं ते बघतात. आयसो-ऑक्टेन या पदार्थाला १०० गुण, हेप्टेनला ०. एखादं पेट्रोल ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं की ते ९१ चं. (यूट्यूबवर अमेरिकेतला माणूस ८७ चं पेट्रोल टाकताना दिसला तर आपल्यापेक्षा हलकं टाकतोय असं समजू नका. त्यांची मोजायची रीत वेगळी आहे. त्यांचं ८७ म्हणजे जवळपास आपलं ९१.)

या आकड्यात ताकद कुठंच आली नाही, हे नीट बघा. ९७ च्या एका लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा जास्त उष्णता भरलेली नसते. संयम जास्त असतो. तो संयम वापरणारं इंजिन असेल तरच त्याचा फायदा. म्हणजे ज्यात दाबाचं प्रमाण मोठं आहे किंवा टर्बोनं हवा कोंबली जाते असं इंजिन. आपल्या रस्त्यांवरच्या शंभर सीसीच्या गाड्यांत हे प्रमाण साधारण १० ला १ च्या घरात असतं. मारुतीच्या ड्युअलजेट इंजिनात ते १२ च्या आसपास जातं. आणि देशभर विकायची गाडी कंपनी देशभर मिळणाऱ्या पेट्रोलवरच बसवते. भामरागडात आणि मेळघाटात जे मिळेल त्यावर गाडी चालली पाहिजे, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

त्यातही एक गंमत आहे. आजच्या बहुतेक कारच्या इंजिन ब्लॉकवर एक छोटा नॉक सेन्सर बसवलेला असतो. खळखळाटाची पहिली चाहूल लागली की तो कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर ठिणगी दोन-चार अंशांनी उशिरा टाकतो आणि आवाज थांबतो. म्हणून नव्या कारमध्ये नॉकिंग कानाला फारसं कळत नाही, गाडी जरा जड चालते एवढंच. अशा गाडीला जास्त ऑक्टेन मिळालं तर ती ठिणगी पुन्हा पुढं घेऊ शकते, अर्थात तिच्या कॉम्प्युटरमधल्या ठिणगीच्या वेळांच्या तक्त्यात तेवढी जागा असेल तर. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक दुचाकींत हा सेन्सरच नसतो. ठिणगीची वेळ आधीच ठरलेली. तिला ९७ पाजलं काय आणि ९१ पाजलं काय, फरक कळायचा मार्गच तिच्याकडं नाही.

आता पैशाकडं येऊ. भाव जिल्ह्यागणिक बदलतात, म्हणून हिशेबापुरतं साधं १०५ रुपये आणि पावर ११३ धरू. लिटरमागं ८ रुपये. (या ८ रुपयांतही थोडा वाटा सरकारचा आहे. ब्रँडेड पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क साध्यापेक्षा लिटरमागं १ रुपया २० पैसे जास्त ठेवलेलं आहे. तेवढ्यापुरतं तुम्ही इंजिनासाठी काहीच विकत घेत नाही.) वॅगनआरची टाकी ३२ लिटरची, म्हणजे एका टाकीमागं २५६ रुपये जास्त. वर्षाला १२,००० किलोमीटर, १८ चं ॲव्हरेज, तर ६६७ लिटर पेट्रोल आणि जादा खर्च सव्वापाच हजारांच्या वर. दुचाकी वर्षाला १०,००० किलोमीटर आणि ५५ चं ॲव्हरेज धरली तर साडेचौदाशे रुपये.

हे पैसे ॲव्हरेजमधून वसूल व्हायचे तर १८ ची गाडी १९.४ ला गेली पाहिजे, कायमची. ९१ साठी बनवलेली गाडी तेवढी उडी मारत नाही. कुणी “माझं तर दोननं वाढलं” म्हणालं तर त्याला विचारा की टायरमध्ये हवा कधी भरली होती, जाताना वारा कुठून होता, आणि पावर टाकल्याच्या कौतुकात पायच जरा हलका तर नव्हता पडला?

गेल्या दोन-तीन वर्षांत या हिशेबात एक नवीन पाहुणा आलाय, इथेनॉल. आज पंपावर मिळणारं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं. ते आता नुसत्या उसाचं राहिलेलं नाही, मक्याचं आणि तांदळाचंही असतं. इथेनॉलचा ऑक्टेन भरपूर असतो. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात इथेनॉलचा आकडा १०८.५ आणि मूळ पेट्रोलचा ८४.४ सांगितला होता. पूर्वी ८८ वर असलेलं पेट्रोल ९१ वर आलं आणि २० टक्के मिश्रणानं ते ९५ वर गेलंय, असंही त्यात म्हटलं होतं. हे जर खरं धरायचं तर नुसत्या ‘९५’ या आकड्यासाठी ८ रुपये जास्त मोजायचं कारणच उरत नाही. मग त्या ८ रुपयांत मिळतं ते साफसफाईचं रसायन आणि नोझलचा वेगळा रंग. याउलट ९७, ९९, १०० असे वरचे आकडे अजूनही खरोखर वेगळे आहेत, पण ते आपल्याकडं मोठ्या शहराबाहेर सहसा मिळत नाहीत.

इथेनॉलची दुसरी बाजू सगळ्यांनी अंगावर घेतलेलीच आहे. त्याच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये ६ ते ७ टक्के कमी. ऑक्टेनच्या जोरावर नवं इंजिन त्यातलं थोडं भरून काढतं, जुनं काढत नाही. ॲव्हरेज पडल्याची तक्रार म्हणूनच खोटी नाही. पण त्यावर “मग पावर टाकू” हा उपाय चालत नाही, कारण ९५ च्या पावरमध्येही इथेनॉल असतंच. महाग नोझल म्हणजे इथेनॉल नसलेलं नोझल, हा गैरसमज पंपावर ऐकू येणाऱ्या गैरसमजांत सगळ्यात खर्चिक आहे.

आणि इथेनॉलला पाण्याची ओढ असते. विदर्भातल्या पावसाळ्यात ही ओढ महागात पडू शकते. इथं तालुक्याच्या पंपाचं गणित शहराच्या पंपापेक्षा वेगळं निघतं. साध्या पेट्रोलची टाकी दोन-चार दिवसांत रिकामी होते, लगेच टँकर येतो. पावरचं तसं नसतं. टँकरचा एक कप्पा साधारण चार-पाच हजार लिटरचा. पावर दिवसाला शंभर लिटर खपत असेल तर तो कप्पा संपायला चाळीस-पन्नास दिवस लागतात. जमिनीखालच्या बंद टाकीत एवढ्या दिवसांत पेट्रोल नासत नाही, ती भीती उगाच. भीती पाण्याची आहे. अर्धवट रिकामी टाकी, झड लागलेली, आणि भरायच्या तोंडावरचं झाकण सैल, की पाणी खाली उतरतं. थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं. प्रमाण वाढलं की दोघं मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. वर उरतं ते इथेनॉल गमावलेलं, म्हणजे ऑक्टेनही गमावलेलं पेट्रोल. ज्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे दिले तोच गायब. म्हणून माझं साधं मत: जुलै-ऑगस्टमध्ये ज्या नोझलवर रांग असते तेच नोझल घ्या. पंपवाल्यानं दांडीला पाणी शोधायची पेस्ट लावून टाकीचा तळ रोज तपासायचा असतो. आज तपासला का, हे विचारण्यात लाज कसली?

भरून दोन-तीन किलोमीटरच्या आत गाडी गचके देऊन बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका. तसं केलं की पाणी टाकीतून इंजेक्टरपर्यंत नेण्याचं काम तुम्हीच करत असता. गाडी टोचन करून न्या, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, आणि निघालेलं द्रव्य पारदर्शक काचेच्या बरणीत दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला की बोलायला पुरावा हातात असतो. बिल मात्र जपून ठेवलेलं हवं, आणि आपण बिल घेतो कुठं!

आपल्या भागात खऱ्या अर्थानं महागाचं पेट्रोल मिळतं ते पंपावर मिळतच नाही. ते गावातल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर, कोल्ड्रिंकच्या बाटलीत, उन्हात उभं असतं. पंप पंधरा-वीस किलोमीटर लांब, म्हणून लोक लिटरमागं दहा-वीस रुपये जास्त देऊन ते घेतात. अडचण कळते, पण काय घेतोय तेही कळलं पाहिजे. उन्हात तापलेल्या बाटलीतून पेट्रोलचा सगळ्यात हलका भाग आधी उडतो, आणि सकाळी पहिल्या किकला गाडी सुरू होते ती त्याच भागावर. रॉकेल मिसळलेलं असलं तर विषयच संपला. रॉकेलचा ऑक्टेन इतका खालचा की थोड्या मिसळीनंही इंजिन खडखडायला लागतं, प्लग काजळतो, सायलेन्सर धुरकट होतो. अशा वेळी पुढच्या खेपेला पावर टाकून “दुरुस्त” करायला जाण्यात अर्थ नाही. ती बाटली टाळणं हीच दुरुस्ती. शिवाय बाटलीत असं पेट्रोल विकणं बेकायदा आणि आगीला आमंत्रण आहे, ते निराळंच.

मग पावर कुणी टाकावं?

टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत ‘९५’ लिहिलेलं असेल, त्यांनी. काही टर्बो पेट्रोल गाड्यांवर ते असतं. ‘किमान ९१’ लिहिलं असेल तर विषय तिथंच मिटला. आणि ‘किमान ९१, शिफारस ९५’ असं असेल तर ऋतू बघून ठरवा. इंजिनात शिरणारी हवा जितकी तापलेली तितकं नॉकिंग लवकर. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला मे महिन्यात ४५-४६ वर असतात. त्या हवेत, एसी फुल, पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान घेऊन टर्बो गाडी चढावर घातली तर ९५ चा उपयोग तिला होतो, ठिणगी मागं घ्यावी लागत नाही, पिकअप टिकतो. त्याच गाडीला डिसेंबरात शाळेत पोरं सोडायला ९५ ची गरज पडत नाही. साधं भरून खालच्या गिअरमध्ये शांतपणे चालवलं तरी काम भागतं. अर्धं-अर्धं मिसळलं तरी चालतं, आकडा साधारण मधला होतो.

इथं एक गमतीची गोष्ट. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना लोक खालीच टाकी पावरनं भरून घेतात, घाट आहे म्हणून. पण चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे. जसजसं वर जाल तशी हवा विरळ, सिलिंडरात भरणारी हवा कमी, दाब कमी, म्हणजे टर्बो नसलेल्या गाडीची ऑक्टेनची भूक वर जाताना कमीच होते. जी दमणूक जाणवते ती हवेच्या कमतरतेची. त्यावर पेट्रोल बदलून इलाज नाही, दुसरा गिअर टाकून आहे.

समृद्धीवर १२० नं जाताना ॲव्हरेज पडतं, म्हणून पावर टाकणारेही आहेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ९० च्या तुलनेत १२० ला तो पावणेदोन पटीपेक्षा जास्त. त्या भिंतीपुढं ऑक्टेनचं काही चालत नाही. शंभरवर आलात तर फरक त्याच टाकीत दिसेल.

जुनं इंजिन आतून कार्बन धरून बसलं की त्याची ऑक्टेनची भूक वाढते, कारण कार्बन जागा व्यापतो, दाब वाढतो, आणि कार्बनचे तापलेले कण ठिणगीचं काम आपणच करू लागतात. अशा गाडीत पावर टाकलं की खळखळ थांबते आणि मालक खूश होतो. डोकं दुखतंय म्हणून गोळी घेतली, चष्म्याचा नंबर तसाच, असं हे आहे. ठिणगीची वेळ, प्लगची जात, कूलंटची पातळी आणि कार्बन बघून घेतल्याशिवाय त्या गाडीला पावरची सवय लावू नये.

राहिला साफसफाईचा मुद्दा. यात तथ्य आहे. महागाच्या पेट्रोलमध्ये डिटर्जंटचं प्रमाण जास्त असतं आणि ज्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं फवारलं जातं तिथं ते इंजेक्टरची टोकं आणि इनटेक व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायला मदत करतं. फक्त ते रोजच्या आंघोळीसारखं काम करतं. महिन्यातून एक टाकी पावर मारून वर्षाचा मळ निघत नाही. त्यापेक्षा पॉलिइथरअमाइन हे साफसफाईचं रसायन असलेली इंजेक्टर क्लीनरची बाटली आणावी, तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात जवळपास रिकाम्या टाकीत ओतावी, वरून टाकी भरावी आणि ती टाकी लांबच्या रस्त्यावर संपवावी. ऑइल बदलायच्या जरा आधी केलं तर उत्तम, कारण सुटलेला मळ थोडा ऑइलमध्येही उतरतो. थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत मात्र व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही, त्यामुळं तिथला कार्बन पावरनं धुतला जाणं शक्य नाही.

पावर न टाकून वाचलेले हे सव्वापाच हजार किंवा साडेचौदाशे कुठं घालावेत? माझ्या मते सगळ्यात आधी एअर फिल्टरवर. आपला रस्ता म्हणजे अर्धा डांबरी, अर्धा पांदण. सोयाबीन निघायला लागलं की रस्त्याकडेला थ्रेशर, पुढं कापसाच्या गाड्या, काळ्या मातीची मऊ धूळ. पुस्तिकेत दिलेलं किलोमीटरचं अंतर अशा भागात निम्मं धरावं. कारचा कोरडा कागदी फिल्टर बाहेर काढून घड्या उजेडाकडं धरा. घड्यांच्या मधून उजेड दिसला तर झटकून, आतून बाहेरच्या दिशेनं हलकी हवा मारून तो आणखी थोडे दिवस चालेल. दिसला नाही तर बदला. मग फिल्टरपेक्षा महत्त्वाचं बघा: त्याच्या डब्याच्या स्वच्छ बाजूला बोट फिरवा. बोटाला मातीची रेघ लागली तर फिल्टर नवा असूनही रबरी कड नीट बसलेली नाही आणि धूळ फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात चाललीय. रिंगा खाणारी ती हीच रेघ. काही दुचाकींचा फिल्टर तेलकट कागदाचा असतो. त्याला हवा मारायची नसते, धुवायचाही नसतो, बदलायचाच. गावातला पंक्चरवाला तो हौसेनं हवा मारून देतो आणि फिल्टर तिथंच निकामी होतो.

एक बारीक फरक ध्यानात असू द्या. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत फिल्टर तुंबला की मिश्रण जाड होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी) आणि ॲव्हरेज पडतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेप्रमाणं पेट्रोलही कमी करतो, त्यामुळं ॲव्हरेज फारसं पडत नाही, पिकअप पडतो. “पिकअप नाही म्हणून पावर टाकलं” म्हणणाऱ्या निम्म्या गाड्यांचा रोग त्या डब्यात असतो.

दुसरा पैसा प्लगवर. प्लग काढून त्याचं टोक बघता आलं तर इंजिन बरंच बोलतं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलसर तेलकट काळं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेलीत. पांढरट, फोड आलेलं, वर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके, म्हणजे नॉकिंगनं पिस्टन खायला सुरुवात केलीय, आणि ऑक्टेनची चर्चा तेव्हाच खरी करायची. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत टोकातलं अंतर ०.८ ते ०.९ मिलिमीटर लागतं. हे अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, नसेल तर मिस्त्र्याकडं जा, अंदाजानं ठोकू नका.

टायरची हवा सकाळी, चाक थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणं. एवढंच.

जुन्या दुचाकीला २० टक्के इथेनॉलची चिंता असेल तर पावरऐवजी हे करा: पेट्रोलची जुनी कडक झालेली नळी बदला, छोटा इनलाइन फिल्टर टाका (इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तोच कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, जेटमध्ये, अडकतो), आणि गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करा, वाटी रिकामी करा. पावसाळ्यात उभ्या गाडीची टाकी भरलेली बरी. रिकाम्या जागेतल्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि पत्रा आतून गंजतो.

“सकाळी थंडाव्यात भरलं की पेट्रोल जास्त येतं” हेही ऐकू येतं. पेट्रोल दहा अंशांना जेमतेम एक टक्का फुगतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्यानं तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. झोपमोड करू नका.

पंपावर जे तपासायचं ते तपासायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. फिल्टर पेपर मागा, तो पंपावर ठेवावाच लागतो. नोझलचं तोंड पुसून एकच थेंब कागदावर पाडा आणि दोन मिनिटं थांबा. चांगलं पेट्रोल उडून जातं, कागद कोरा राहतो, फार तर फिकट गुलाबीसर छटा राहते, ती रंगाची. मधोमध गडद, तेलकट डाग उरला तर भेसळीची शंका घ्यायला जागा आहे. हलक्या सॉल्व्हंटची भेसळ मात्र या कागदाला चकवते, म्हणून घनता बघा. पंपावर हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी), थर्मामीटर आणि तक्ता असतो. मोजलेली घनता १५ अंशांवर आणून रजिस्टरमधल्या टँकरच्या आकड्याशी ताडतात, घनमीटरमागं ३ किलोपेक्षा जास्त फरक नको. मापाची शंका असेल तर वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापलीकडं नाही.

आणि एवढं वाचूनही पावरचा मोह होत असेल तर तुमच्याच गाडीवर ताडून बघा. एकाच पंपावर, त्या-त्या पेट्रोलच्या ठरलेल्या नोझलवर भरायचं आणि नोझल आपोआप बंद होतं त्या पहिल्या ‘टक’ला थांबायचं. त्यापुढं राऊंड फिगरसाठी कोंबलं की पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल जातं आणि तो खराब होतो. किलोमीटर लिहून ठेवा. किमान तीनशे किलोमीटर रोजच्याच रस्त्यावर, रोजच्याच माणसांसह चालवा, पुन्हा ‘टक’पर्यंत भरा, किलोमीटरला लिटरनं भागा. साध्याच्या तीन टाक्या, मग पावरच्या चार, त्यातली पहिली मोजायची नाही, कारण टाकीत जुनं उरलेलं असतं आणि कॉम्प्युटरलाही नवी सवय लागायची असते. दोन्ही सरासऱ्या शेजारी लिहा. साध्याच्या आकड्याला पावरच्या भावानं गुणा, साध्याच्या भावानं भागा. १०५ आणि ११३ असेल तर १८ चे १९.४ येतात. पावरच्या तीन टाक्यांची सरासरी त्या आकड्याच्या खाली राहिली, तर पंपावरच्या पोट्ट्याला काय सांगायचं ते वहीतच लिहिलेलं असेल.